पुरे आठ दिवस

आयुष्यात मी खोटं पुष्कळ बोललो. सरकारी नोकरीत उभी हयात काढलेल्या माणसाने याहून वेगळं काही सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. न झालेल्या सभांची इतिवृत्तं मी सुवाच्य अक्षरात लिहिली, न लावलेल्या झाडांना कागदोपत्री पाणीही घातलं. त्यातलं बहुतेक सगळं विसरलो. एक खोटं मात्र अजून तोंडपाठ आहे, कारण ते दोनच शब्दांचं आहे: 'पुरे आठ.' ज्यांच्याशी ते बोललो ते गृहस्थ आता नाहीत, त्यामुळे ते दुरुस्त करता येत नाही. ते होते तेव्हा करता येत होतं, आणि तेव्हा मी केलं नाही.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. जिल्हा परिषदा नव्या होत्या आणि ग्रामसेवक हा प्राणीही गावांना नवा होता. मी नगरकडचा, तेवीस वर्षांचा, नेमणुकीचा कागद खिशात घेऊन मलकापूरला गाडीतून उतरलो. एस.टी.ने रोहिणखेडपर्यंत आलो आणि तिथून दीड कोस ट्रंक डोक्यावर घेऊन पायी. गावात खोलीची चौकशी केली तर चावडीवरची माणसं एकमेकांकडे बघून हसायला लागली.

"खोली हाये बाप्पा," एकजण म्हणाला, "पन तुमी टिकनार नाई."

घर गावाच्या टोकाला होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोठं परस आणि परसाच्या कडेला गोठा. ओट्यावर पंचावन्न-साठीचे, काटक, डोक्याला मळकं फडकं बांधलेले एक गृहस्थ उभे होते. मी पायरी चढायला लागलो तशी त्यांनी हातातली काठी आडवी धरली.

"कोठून आले?"

"मलकापूरहून."

"टेसनावरून?"

"हो."

"मंग आठ दिवस तठी," म्हणून त्यांनी काठी गोठ्याकडे वळवली.

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. गोठ्याला दार म्हणून काटक्यांची ताटी होती, आत एक गाय, दोन बैल आणि कोपऱ्यात एक खाट. खाटेवर धुतलेली वाकळ घातलेली होती, म्हणजे पाहुणा इथेच बसवायचा ही घराची जुनी वहिवाट होती. जेवणाची ताटली ते दाराजवळच्या दगडावर ठेवत आणि दहा पावलं मागे सरकून उभे राहत. मग मी ती उचलायची. रोज सकाळी कोळशाने भिंतीवर एक रेघ ओढत. मी चिडलो होतो, पण दुसरी सोय म्हणजे शाळेचा व्हरांडा. तिथे रात्रभर कुत्री माणसाशेजारी झोपायला येत. त्यापेक्षा बैल बरे.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी आठ रेघांवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "या सायेब. आता घरात या." स्वतःच्या हाताने चहाची कपबशी माझ्या हातात दिली. नंतर कळलं की त्या गोठ्यात पुरे आठ दिवस बसलेला मी पहिलाच माणूस. बाकीचे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिव्या देत निघून जात. त्या दिवसापासून माझ्या शब्दाला त्यांच्यापाशी जी किंमत आली, ती कमावण्यासाठी मी याखेरीज काही केलेलं नव्हतं.

गावात त्यांना 'आठदिवस्या' म्हणत. मी काकाजी म्हणत असे. त्यांचा नेम नव्याने येणाऱ्याला असे, एकदा घरात घेतलेल्याला नाही; आणि तो माणसापुरताही नव्हता. बाजारातून आणलेला बैल आठ दिवस लांबच्या निंबाला बांधलेला असे. बियाण्याचं पोतं आठ दिवस ओट्याखाली पडे. तरुणपणी त्यांना मुलगी द्यायला म्हणून घाटावरून सोयरे आले होते. त्यांनाही गोठ्यातच बसवलं. ते कसेबसे एक दिवस थांबले, आणि उठून गेले ते थेट घाट चढूनच थांबले. लग्न राहिलं ते राहिलंच. शेजारची गंगूबाई हे सांगताना पदर तोंडाला लावून हसे, आणि मग एकदम हसणं थांबवून म्हणे, "पन मानूस सोन्याचा हाय, सायेब. डोकं तेवढं फिरलेलं."

हे असं का, ते मी एकदा विचारलं होतं. "काऊन म्हंजे? आठ दिवस म्हंजे आठ दिवस," एवढंच उत्तर मिळालं.

त्यांचं खरं राज्य परसात होतं. मी गावात आलो तो कंपोस्ट खड्ड्यांचं उद्दिष्ट घेऊन. अमुक लांब, तमुक रुंद खड्डा खणा, थर द्या, शेणकाल्याने लिंपा. लोक खड्डा खणत, मी मोजून गेलो की त्यात वासरू पडू नये म्हणून बुजवून टाकत. गावाचे उकिरडे वर्षभर तसेच सडत पडत आणि पावसाळ्याआधी अर्धकच्चं खत हुमणीच्या अळ्यांसकट शेतात जाई. काकाजींच्या परसात खड्डाच नव्हता. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या, कुडाने केलेले तीन खण होते आणि बारा गावरान कोंबड्या.

पहिल्या खणात शेण, गुरांनी चघळून टाकलेला कडबा, चुलीतली राख, निंबाचा पाला, भाजीची देठं असं सगळं पडे. सकाळी कोंबड्या त्यात सोडायच्या. अळ्या आणि किडे शोधत त्या ढीग उकरून उकरून दुपारपर्यंत सपाट करून टाकत. संध्याकाळी काकाजी फावड्याने तो पुन्हा रचायचे, वर पाणी शिंपायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. महिन्याने माल दुसऱ्या खणात, मग तिसऱ्यात. तिसऱ्यातून निघे ते चहाच्या भुकटीसारखं काळं, हलकं आणि मातीच्या वासाचं. गावाला वर्ष लागे तिथे यांना तीन महिने.

"कोंबडी पसरवते, मी गोळा करतो," ते म्हणत. "दोघायलेबी अक्कल नाई, म्हनून खत होते."

ढिगात ते सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, खुपसून ठेवत. चिमूटभर तंबाखू चघळून होईपर्यंत थांबत, मग ती उपसून टोकाला हाताची मागची बाजू लावत, आणि मग गाल. तान्ह्या मुलाचा ताप बघावा तशी. "हाये ताप," म्हणत, किंवा "उतरला." ताप चढला की त्यांना बरं वाटे. आठ-पंधरा दिवसांत ताप आला नाही तर बेचैन होऊन ओला शेणकाला आणून घालत. मी पुस्तकी ज्ञान पाजळून सांगितलं की ही जिवाणूंची उष्णता आहे. ते म्हणाले, "असन. पन तापातून काईतरी चांगलं निघते, हे अठीच पाह्यलं मी."

त्या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. विक्षिप्त माणसांची वाक्यं आपण हसण्यासाठी गोळा करतो, तसं तेही केलं आणि तालुक्याच्या सभेत ऐकवून लोकांना हसवलंही.

पाडव्याला गावात सालदार ठरतात. शेतकरी गड्याशी वर्षाची बोली करतो, ज्वारी किती, कपडे किती, सुट्या किती. काकाजींकडे गडी नव्हता. ते पाडव्याच्या सकाळी आंघोळ करून, मुठीत ज्वारी घेऊन कोंबड्यांपुढे उभे राहत आणि मोठ्याने बोली सांगत: "रोज दोन टाइम ज्वारी. पावसाळ्यात कोंडा. दुखलं-खुपलं त माह्याकडं. कोनालेबी कापनार नाई, म्हातारपनी हाकलनार नाई. कबूल?" आणि मूठ उघडून ज्वारी टाकत. कोंबड्या अर्थातच तुटून पडत. "कबूल झालं," ते माझ्याकडे बघून म्हणत, साक्षीदार असल्यासारखं.

त्यांनी बोली कधी मोडली नाही. एक लंगडी कोंबडी चार वर्षं अंडं देत नव्हती आणि ढिगावर चढताही येत नव्हती. तिला ते खणाच्या कडेला हाताने अळ्या वेचून घालत. स्वतः अंडं खात नसत. गावात कोणी बाळंतीण असली, कोणी आजारातून उठत असलं, की ओट्याच्या दगडावर अंडी ठेवलेली असत. ज्याची त्याने उचलून न्यावीत. त्या वर्षी गंगूबाईची सून बाळंत झाली होती, अशक्त होती. तिच्या नावाची दोन अंडी रोज दगडावर असत.

आता माझ्या प्रतापाकडे वळतो.

नोकरी कायम व्हायची होती. उद्दिष्टाचे खड्डे बुजलेले, आणि नवे बी.डी.ओ. साहेब कडक. मी त्यांना सांगितलं की माझ्या गावात कंपोस्टाचा एक नवा प्रयोग मी चालवला आहे. 'मी' हा शब्द मी विचार करूनच वापरला. साहेबांनी उत्साहाने दुसरी योजनाही त्यातच बसवायला सांगितली, सुधारित कोंबड्या वाटपाची. दोन पांढऱ्या माद्या आणि एक पांढरा कोंबडा घेऊन जा, गावरान कळपात सोडा, शुक्रवारी मी बघायला येतो.

मंगळवारी सकाळच्या गाडीने त्या मलकापूरला आल्या. आणायला मीच गेलो होतो. झाकलेलं डालगं मांडीवर घेऊन एस.टी.त बसलो. कोंबड्याच्या एका डोळ्यातून पाणी गळत होतं. प्रवासाचा शीण असेल, असं मी मनाशी म्हटलं. मनाशी म्हणावं लागलं, याचा अर्थ मला ते खटकलं होतं.

काकाजी ढिगापाशी सब्बल घेऊन उभे होते. वाटेत मी ठरवलं होतं की यांना खरं सांगू आणि समजूत घालू. त्यांना बघितल्यावर कळलं की समजूत घालणं होणार नाही. डालगं आठ दिवस गोठ्यात जाणार, शुक्रवारी साहेब रिकाम्या हाताने परत जाणार, आणि माझा प्रयोग, माझी नोकरी सगळं उघडं पडणार.

"काय आनलं?"

"सरकारी कोंबड्या, काकाजी. आपल्यांत सोडायच्या."

"कोठून?"

"तालुक्याहून."

"तठी कई आल्या?"

"गेल्या सोमवारी मी मीटिंगला गेलो होतो ना, तेव्हाच आल्या होत्या. समितीच्या शेडमध्ये होत्या. झाले आठ दिवस."

"कोनं मोजले?"

"मी."

ते माझ्याकडे बघत राहिले. संशयाने नव्हे. मोजणारा दुसरा कोणी भेटला म्हणून बघत असावेत.

"पुरे आठ?"

"पुरे आठ."

"तुमी मोजले म्हंजे झालं," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने डालग्यावरचं फडकं काढलं.

शुक्रवारी साहेब जीपमधून आले. काकाजींनी त्यांना काठीने दहा हातांवर, वारा उलटा जाईल अशा जागी उभं केलं. साहेब हसले, त्यांनी मान्य केलं. तिसऱ्या खणातलं खत मी मुठीत नेऊन दाखवलं. त्यांनी वास घेतला, खूश झाले. "यात विशेष काय मिसळता?" असं लांबूनच ओरडून विचारलं.

"ताप," काकाजींनी उत्तर दिलं.

साहेब पोट धरून हसले, मीही हसलो. भेटीच्या वहीत माझं कौतुक लिहिलं गेलं. पुढे नोकरी कायम झाली ती त्याच शेऱ्यावर.

शनिवारी पांढरा कोंबडा पंख पाडून एका जागी बसला. रविवारी त्याची मान मागे वळली, चोच आभाळाकडे, आणि तो तसाच गोल गोल फिरायला लागला. सोमवारी मेला. पाठोपाठ पांढऱ्या माद्या गेल्या. गुरुवारी सकाळी गावरान कोंबड्यांपैकी तिघी ढिगावर चढल्याच नाहीत. चोच उघडी टाकून धापा टाकत होत्या. काकाजी त्यांच्यापाशी बसून होते. एकीच्या पोटाला त्यांनी हाताची मागची बाजू लावली, आणि ती पुन्हा गालाला लावायचं विसरून गेले.

मी धावत जाऊन ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी एकीची मान धरून सैल सोडली, ती वाकडी होऊन मागे गेली.

"मानमोडी," डॉक्टर म्हणाले.

बसलेले काकाजी एकदम उठले.

"काय म्हनले?"

"मानमोडी. पुस्तकात राणीखेत म्हणतात. मान मोडते म्हणून मानमोडी."

"हे मानसाले होते. कोंबडीले कशी होईन?"

"कोंबड्यांचीच असते ही, बुवा. आता औषध नाही. टोचून घ्यायचं ते आधी. मेलेल्या खोल पुरा, वर चुना टाका. ढिगात घालू नका," असं सांगून डॉक्टर हात धुऊन निघून गेले. त्यांना पुढे आणखी गावं होती.

मी तो शब्द पहिल्यांदा ऐकत होतो. काकाजी तो दुसऱ्यांदा ऐकत होते, हे मला ठाऊक नव्हतं.

सहा दिवसांत बाराही गेल्या. लंगडी सगळ्यात शेवटी. गावात इतरांच्याही मरायला लागल्या. गंगूबाईच्या सहा होत्या, एक उरली नाही. बाळंतिणीसाठी दगडावर आता काही ठेवलेलं नसे. सून तरीही रोज एकदा येऊन दगडाकडे बघून जाई. गंगूबाई ओट्यासमोर उभी राहून ओरडली, "या सायबाच्या पांढऱ्यायनं गाव खाल्लं! कोठून आनल्या इच्यारा त्याले!"

काकाजी दारात आले. "बाई, म्या इच्यारलं होतं," ते म्हणाले. "त्यायनं आठ दिवस मोजले होते. त्यायले बोलू नोको."

मी आत खोलीत होतो. भिंतीला पाठ लावून उभा होतो. शरम वाटते म्हणतात ती मी तोवर नुसती ऐकली होती. त्या दिवशी ती कळली. मी ठरवलं, आज दुपारी सगळं सांगायचं. नोकरी गेली तरी जावो.

दुपारी ते परसाच्या टोकाला खड्डा खणत होते. लंगडीला फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलं होतं. मी फावडं घ्यायला पुढे झालो तशी त्यांनी मला हाताने लांब थांबवलं. "दूर रहा. तुमी लहान हा." त्यांनी ती पुरली, चुना टाकला, माती लोटली, आणि तिथेच माझ्याकडे पाठ करून बसले. मी घसा साफ करून म्हटलं, "काकाजी, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी माहं ऐका," ते म्हणाले. "मंग तुमचं."

तिथेच मी चुकलो. आधी माझं सांगायला हवं होतं.

"माहा बा कापूस घेऊन मलकापूरले गेलता," ते सांगू लागले. "पहिली लढाई संपून राह्यली होती. मी दहा सालाचा. टेसनावर लय मानसं मरून राह्यले, असं बोलत लोकं. मानमोडीचा ताप म्हनत. बा परत आला त मायनं त्याले दारातच थांबवलं. पलेग पाह्यला होता तिनं. म्हने, आठ दिवस गोठ्यात रहा, मंग घरात या. बा बी शाना होता. गेला गोठ्यात. माय दगडावर भाकर ठेवे."

गोठ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी बघितलं. तोच दगड होता.

"बानं माह्यासाठी मलकापूरची गोडीशेव आनली होती. तिसऱ्या दिवशी त्यानं ताटीतून मले पुडा दाखवला. हात नाई केला, नुसता दाखवला. म्हने, आठ दिवसानं देईन. मले दम निंगाला नाई. माय नदीवर गेली अन् म्या ताटी काढली. त्याच्या मांडीवर बसून खाल्ली. तो नोको म्हने अन् हसे. त्याचं आंग गरम होतं. मले वाटलं, उनानं."

ते थांबले.

"मंग बा गेला, माय गेली, मोठा भाऊ गेला. लहान बहीन रांगे, ते गेली. मले काईच झालं नाई. चार जनं सात दिवसात. पुराले मानूस मिये ना. म्या मोजलं होतं, सायेब. पाच दिवस राह्यले होते. पाच दिवस दम धरला असता त घर राह्यलं असतं."

मी जे केलं होतं ते नेमकं हेच होतं. फक्त मी दहा वर्षांचा नव्हतो, आणि मला गोडीशेवेचीही भूक नव्हती.

ते माझ्याकडे वळले. डोळे कोरडे होते. "एक सांगा. त्या पांढऱ्यायचे पुरे आठ दिवस झालते ना?"

आता विचार करतो तेव्हा वाटतं, त्या क्षणी मी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. पण त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसलं. ते मला पकडत नव्हते. ते आशेने विचारत होते. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी कुणाला इतक्या आशेने काही विचारलं नसेल.

"हो," मी म्हटलं.

"पुरे आठ?"

"पुरे आठ."

बराच वेळ ते मातीवर हात फिरवत राहिले. मग हलक्या आवाजात, जणू गाय उठेल म्हणून, म्हणाले, "म्हंजे आठ दिवसाचं काई नसते. मोजलं तरी येते. यायची असन त येतेच." आणि थोड्या वेळाने, "म्हंजे त्या वक्ती मी नाई आनली."

मी होकारार्थी मान हलवली. एवढंच. मग त्यांना रडू आलं. म्हाताऱ्या माणसाला दहा वर्षांच्या मुलाच्या आवाजात रडताना मी त्यानंतर कधी ऐकलं नाही. ऐकायची इच्छाही नाही.

रडून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुमी काय सांगनार होते?"

"काही नाही," मी म्हटलं. "भाड्याचं होतं."

संध्याकाळी त्यांनी गोठ्याची ताटी उपटली, मोडली आणि चुलीत घातली. भिंतीवरच्या रेघा शेणाने सारवून टाकल्या. पुढच्या आठवड्यात कुणीतरी लांबचा भाचा आला तो मलकापूरहून. त्याला त्यांनी हात धरून थेट घरात नेलं. गाव तोंडात बोट घालून बघत राहिलं. गंगूबाईने मला विचारलं, "यायले काय झालं, सायेब?" मी म्हटलं, मला काय माहीत.

कोंबड्या त्यांनी पुन्हा पाळल्या नाहीत. पाडवा आला तेव्हा ते आंघोळ करून परसात गेले, पण मुठीत ज्वारी नव्हती. "दुखलं-खुपलं त माह्याकडं, असं बोललो होतो," म्हणाले आणि परत आले. ढीग तीन खणांत तसाच पडून राहिला. पहिले काही दिवस ते सवयीने सब्बल खुपसत, गालाला लावत. "थंडा," म्हणत. मग तेही सोडलं. गावासारखंच त्यांचंही खत वर्षभर सडायला लागलं. मला कायम झाल्याचा कागद आला आणि वर्षभरात बदलीही.

दोन वर्षांनी त्यांचं एक पोस्टकार्ड आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, तब्येत बरी नाही, भेटून जा असं. खाली शेवटच्या ओळीत: 'येताना मलकापूरची गोडीशेव आणावी.'

मी आणली. स्टेशनबाहेरच्या दुकानातून अर्धा किलो. पुडा पिशवीत घालून रोहिणखेडहून ती दीड कोस वाट चाललो आणि एकदाही खांदा बदलला नाही. ते ओट्यावर वाकळ पांघरून बसले होते. खूप खंगले होते. मला बघून काठीला धरून उठले. काठी आडवी धरली नाही, ती टेकूनच दोन पावलं पुढे आले.

"या, या. सिद्धे घरात या."

मी पायरीपाशी थांबलो. पाय वर उचलेना. मी वळलो आणि गोठ्यात जाऊन त्या खाटेवर बसलो. गाय विकलेली होती, बैलही नव्हते. दाराच्या जागी उजेड होता.

"काऊन हो?" ते मागून आले. "आता कायले तठी?"

"पाय भरून आलेत, काकाजी. जरा टेकतो."

ते हसले. खाटेवर माझ्याजवळ, गुडघ्याला गुडघा लावून बसले. इतक्या जवळ ते कधी कुणाजवळ बसलेले मी पाहिले नव्हते. पिशवीतून त्यांनीच पुडा काढला, दोरा दातांनी तोडला आणि कागद दोघांच्या मध्ये पसरला.

"घ्या ना," ते म्हणाले.

मी एक उचलून हातात धरली. त्यांनी एक तोंडात टाकली, डोळे मिटून चघळली, मग दुसरी घेतली. गूळ त्यांच्या बोटांना लागला, तो त्यांनी चाटला. मध्येच माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाले, "तुमी मोजले नसते त मी तसाच मेलो असतो, सायेब."

हळूहळू त्यांनी जवळजवळ सगळी संपवली. माझ्या हातातली एक तशीच राहिली. ती विरघळून तळव्याला चिकटली, आणि ते झोपले तेव्हा मी ती ढिगात नेऊन पुरली.